जेवणातलं फायबर, होडीचं फायबर, नेटचं फायबर: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात काथ्यावर, म्हणजे नारळाच्या सोडणातल्या (करवंटीवरच्या जाड सालीतल्या) तंतूवर लेख होता, तेव्हापासून पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज येतायत. पण त्यातले बरेच प्रश्न काथ्याचे नाहीतच. कोणी होडीबद्दल विचारलंय, कोणी आईच्या शुगरबद्दल, कोणी छपराच्या पत्र्यांबद्दल. सगळ्यांच्या मुळाशी तंतूच आहे, म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं छापलेली नाहीत, फक्त गावं दिलीयत.

प्रश्न (मालवण): ताई, डॉक्टरान माका फायबर खावक सांगल्यान. आमची होडी फायबरची. आणि आता झील म्हणता घरात फायबर घेतलो, नेट फास्ट येतला. ह्या सगळा एकच काय वेगवेगळा? नातू इचारता आणि माका सांगूक येणा नाय.

उत्तर: काका, पदार्थ म्हणून बघितलं तर तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. जेवणातलं फायबर म्हणजे झाडापाल्याचा न पचणारा भाग, होडीचं म्हणजे काचेचे धागे आणि वर रेझिन (आधी पातळ असणारा आणि मग कडक होणारा चिकट पदार्थ), नेटचं पण काचच पण अतिशय शुद्ध आणि प्रकाश वाहून नेणारी. नातवाला सांगा की फायबर हे कुठल्या एका वस्तूचं नाव नाही, ते रूपाचं नाव आहे. जाडी अगदी कमी आणि लांबी जाडीच्या शेकडो हजारो पट, असं काहीही असलं की तो तंतू. मग तो नारळाच्या सोडणातला असो, काचेचा असो, नायलॉनचा असो नाहीतर आपल्या दंडातल्या स्नायूचा.

जेवणातलं फायबर मात्र या व्याख्येत पूर्ण बसत नाही. तिथे न पचणाऱ्या सगळ्याच भागाला फायबर म्हणतात, त्यात धाग्यासारखा चोथा असतो तसा पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा भागपण असतो. म्हणून तुमचा गोंधळ झाला तो साहजिकच आहे.

आता नातू पुढचं विचारेल की एवढ्या बारीक धाग्याची होडी कशी होते, काच तर पडली की फुटते. याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनियरने १९२० च्या सुमाराला काचेच्या कांड्या ताणून तोडून बघितल्या, जाड कांडीपासून सुरू करून बारीक बारीक करत केसाहूनही पातळ धाग्यापर्यंत. त्याला दिसलं की धागा जितका बारीक तितकी प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे ताकद जास्त, सगळ्यात बारीक धाग्यात तर जाड कांडीच्या साधारण वीस पट. कारण काच मुळात कमजोर नाहीच, तिच्या अंगावरच्या न दिसणाऱ्या चिरा तिला फोडतात, आणि धागा बारीक असला की मोठी चीर मावायला जागाच नसते. शिवाय हजारो धागे एकत्र असले आणि त्यातला एक तुटला तरी चीर तिथेच थांबते, बाजूच्या धाग्यात शिरत नाही.

आणि दोरीचं. काथ्याचा एक तंतू वीतभर लांब, मग त्याची शंभर वावांची (दोन्ही हात पसरले की एक वाव) दोरी कशी होते? पिळामुळे. पीळ दिला की तंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात, आणि दोरी जितकी ओढाल तितका तो दाब वाढतो, म्हणून गाठ नाही, गोंद नाही, नुसत्या घर्षणावर दोरी उभी. मग दोन पेड उलट्या दिशेने एकमेकांवर वळले की एकाचा पीळ दुसऱ्याला सुटू देत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो ते माणसांबद्दल, पण ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं त्याने जळलेला सुंभ नीट बघितलेला असणार, राखेतसुद्धा वळण तसंच दिसतं.

प्रश्न (वेंगुर्ला): आमच्या वाडीत सोडणं नुसती जाळतात. सासूबाई सांगतात पूर्वी खाडीत पुरून ठेवायचे आणि मग बडवायचे. इतके महिने खाऱ्या पाण्यात ठेवून काथ्या कुजत कसा नाही? आणि आता परत हे करण्यात अर्थ आहे का?

उत्तर: सासूबाई अगदी बरोबर सांगतायत. सोडणातले तंतू एकमेकांना चिकटलेले असतात ते पेक्टिनसारख्या पदार्थांनी. खाडीच्या पाण्यातले जंतू महिनोन्महिने हे चिकट पदार्थ खातात, साधारण सहा ते दहा महिने, आणि त्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्याच कामाचा. पण काथ्याच्या तंतूत जवळजवळ ४० टक्के लिग्निन असतं, म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ, आणि तो जंतूंना सहजी पचत नाही. कापसात लिग्निन जवळपास नसतंच, म्हणून सुताची दोरी समुद्रात लवकर जाते आणि काथ्याची टिकते. काथ्या तुटायच्या आधी बराच ताणलापण जातो, त्यामुळे लाटेबरोबर होडी ओढ घेते तेव्हा झटका दोरी खाते, खुंटा उपटत नाही.

याच गुणामुळे अरबी समुद्रात शेकडो वर्षं खिळ्याशिवायची गलबतं चालली, फळ्यांना भोकं पाडून काथ्याच्या दोरीने शिवलेली. तेराव्या शतकात व्हेनिसच्या मार्को पोलो या प्रवाशाने इराणच्या होर्मुझ बंदरात अशी जहाजं बघितली आणि त्याला ती अजिबात आवडली नाहीत, धोक्याची वाटली. पण त्याच्या आधीही आणि नंतरही त्याच जहाजांवर इथला व्यापार चालला, कारण लोखंडाचा खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो आणि शिवलेली फळी लाटेबरोबर थोडी हलते वाकते पण फुटत नाही. हल्लीच नौदलाने असं एक जहाज परत बांधून घेतलं, अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून, गोव्यात, काथ्याच्या दोरीने शिवून. २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात आलं, नाव आयएनएसव्ही कौंडिण्य. ज्यांना बघायला मिळेल त्यांनी त्याची शिवण जरूर बघावी.

आता अर्थ आहे का याबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की खाडीत पुरायची जुनी पद्धत आता मोठ्या प्रमाणावर नको. त्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि खाडीतली मासळी कालवं मरतात, आणि बडवणाऱ्या बायकांचे हात पाय वर्षानुवर्षं त्या घाणीत. यंत्रावर तपकिरी काथ्या काढता येतो, त्याला सोडणं थोडाच वेळ भिजवावी लागतात. सोडणाच्या वजनात तंतू साधारण ३० टक्केच, बाकी सगळा भुसा, आणि तो भुसाच हल्ली कोकोपीट म्हणून नर्सरीवाले पैसे देऊन नेतात. फक्त तो गोड्या पाण्याने दोनतीनदा धुऊन द्या, क्षार राहिले की कलमांची मुळं करपतात. तुमच्या वेंगुर्ल्यातच बायकांनी सहकारी संस्था काढून काथ्याचं काम उभं केलेलं आहे, आधी तिथे जाऊन काम बघा. भाट्याचं नारळ संशोधन केंद्र रत्नागिरीला आहे, झाडाबद्दल आणि जातींबद्दल काही विचारायचं असेल तर तिथले लोक नीट सांगतात. एकट्या घराने यंत्र घेऊ नका, सोडणं पुरणार नाहीत. चारपाच वाड्यांनी मिळून गोळा केली तरच ते चालेल. पण जाळणं आजपासून थांबवा, निदान माडाच्या आळ्यात उलटी रचून ठेवा, उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात.

प्रश्न (विजयदुर्ग): फायबरच्या होडीला खडकावर घासून चीर गेलीय. वरून नुसतं एमसील लावलं तर चालेल का? की मॅट मारायलाच लागेल?

उत्तर: एमसीलने पाणी आठवडाभर अडेल, ताकद येणार नाही. होडीत भार घेतात ते काचेचे धागे, रेझिन फक्त त्यांना जागेवर धरतं आणि एकाचा भार दुसऱ्याला पोचवतं, कुडाच्या भिंतीत कामट्या आणि माती असतात तसंच. तुमचे धागे तुटलेत, म्हणजे नवे धागेच घालायला हवेत.

आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा आणि पूर्ण सुकवा, पूर्ण म्हणजे पूर्ण, आत ओल राहिली तर वर कितीही थर मारा ते सुटणार. मग चिरेच्या दोन्ही बाजू घासून उतार द्या, जाडीच्या साधारण बारा पट लांबीपर्यंत, म्हणजे ५ मिमी जाडी असेल तर दोन्हीकडे ६ सेंमी. बरेचजण इथेच घाई करतात आणि चिरेवर नुसती पट्टी चिकटवतात, ती पहिल्या मोठ्या लाटेला उघडते. उतार दिल्यावर मॅट (सुट्या काचधाग्यांची चटई), मग रोव्हिंग (काचधाग्यांचं विणलेलं कापड), परत मॅट असे रेझिनमध्ये भिजवलेले थर, प्रत्येक थरातली हवा रोलरने काढून, आणि शेवटी जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर. पावसाळ्याच्या दमट हवेत हे काम करू नका, रेझिन नीट बसत नाही.

आणि एक गोष्ट जीवाची आहे म्हणून वेगळी लिहितेय. हार्डनर (रेझिन कडक करणारा) आणि कोबाल्ट (ते काम लवकर घडवणारा) हे दोन कधीही एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावा आणि पोराटोरांना जवळ फिरकू देऊ नका. घासताना उडणारी धूळ काचेची असते, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

प्रश्न (श्रीवर्धन): निसर्ग वादळात आमच्या पडवीचे सिमेंटचे पत्रे फुटले होते, तुकडे अजून परसात पडलेत. कोणीतरी म्हणालं त्यात कॅन्सर असतो. खरं का? आम्ही ते तुकडे माडाखाली रचायचा विचार करत होतो.

उत्तर: कृपा करून रचू नका. ३ जून २०२० च्या त्या वादळाने रायगड आणि रत्नागिरीत किती छपरं उडवली ते सगळ्यांना माहितीय, आणि असे तुकडे आजही बऱ्याच परसात पडलेत, म्हणून तुमचा प्रश्न मला या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं. हा दगडातून निघणारा नैसर्गिक तंतू आहे, आगीला दाद देत नाही, गंजत नाही, कुजत नाही, म्हणून तर पत्र्यात घातला. पण तो उभा चिरत जातो, प्रत्येक वेळी आणखी बारीक, इतका की श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. तिथे शरीरातल्या पेशी त्याला गिळून नष्ट करायला बघतात पण तो त्यांच्यापेक्षा लांब असतो, त्यांना तो गिळता येत नाही, आणि कुजत नसल्यामुळे तिथेच राहतो. फुफ्फुस निबर होत जाणं, फुफ्फुसाचा कॅन्सर, फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर, हे सगळं वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतं. सिगरेट बिडी ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी जास्त. साठाहून जास्त देशांनी अॅस्बेस्टॉसवर बंदी घातलीय, आपल्याकडे पांढऱ्या अॅस्बेस्टॉसचे पत्रे अजून विकतात.

घाबरून आख्खं छप्पर उतरवू नका. शाबूत पत्रा डोक्यावर असेल तर धोका कमी, धोका आहे तो कापताना, ड्रिल मारताना, फोडताना, शेवाळ सुकं खरवडताना. परसातले तुकडे पाण्याने चिंब भिजवा, अजून फोडू नका, जाड प्लास्टिकमध्ये डबल गुंडाळून तोंड बंद करा. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही, साधा एन-९५ पण पुरत नाही, पी-१०० किंवा एफएफपी-३ मास्क लावा, आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नका. जागा झाडूने सुकी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. नंतर ते कुठे न्यायचं हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लेखी विचारा, आणि लेखी उत्तर मागा, तोंडी "टाका कुठेतरी" ऐकून घेऊ नका. रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून तर अजिबात देऊ नका, गाड्या त्याचा चुरा करतात आणि तो चुरा सगळा गाव श्वासात घेतो.

प्रश्न (गुहागर): आईला डायबेटीस आहे. मेडिकलवाल्याने फायबरची पावडर दिली, बरीच महाग आहे. घरच्या जेवणातून भागणार नाही का?

उत्तर: बहुतेक घरात भागतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम फायबर सांगते. आता आपल्याकडचं बघा, १०० ग्रॅम नाचणीत ११ ग्रॅमच्या वर, कुळथात जवळपास ८, आणि पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात ३ सुद्धा नाही. म्हणजे दोन वेळा पांढरा भात आणि मासळीचं सार एवढंच जेवण असेल तर फायबर येणार कुठून, मासळीत तर ते नसतंच. एका वेळेला नाचणीची भाकरी, आठवड्यातून दोनतीनदा कुळथाची पिठी किंवा उसळ, शेवग्याचा पाला, अळूचं फतफतं, मोसमात कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, आणि जमलं तर पॉलिश न केलेला लाल तांदूळ, यानेच फरक पडतो.

विरघळणारं फायबर आतड्यात जेलसारखं होतं आणि त्यामुळे जेवणातली साखर रक्तात हळू जाते. न विरघळणारं पोट साफ ठेवतं. थोडं फायबर मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर आतड्याच्या पेशी जगतात, म्हणजे आपल्याला पचत नाही ते वाया जातं असं मुळीच नाही. इसबगोल हवंच असेल तर साधं चालतं, पण भरपूर पाण्याबरोबर, आणि गोळ्यांच्या वेळेपासून लांब, नाहीतर औषध नीट लागू पडत नाही. फायबर एकदम वाढवलं तर पोट फुगतं, दोनतीन आठवडे घेऊन हळूहळू वाढवा. आणि शुगरची गोळी मनाने कमी करू नका, डॉक्टरांना सांगून शुगर तपासत राहा.

प्रश्न (रत्नागिरी): काचेची तार वाकते तरी तुटत नाही आणि प्रकाश बाहेर कसा पडत नाही? आणि आमचं नेट पाऊस आला की का जातं?

उत्तर: वाकते कारण बारीक आहे, सव्वाशे मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), साधारण केसाएवढी. ज्यातून प्रकाश जातो तो मधला गाभा तर फक्त ९ मायक्रॉनचा. गाभ्याची काच आणि बाहेरची काच यात किंचित फरक ठेवलेला असतो, त्यामुळे तिरपा आलेला प्रकाश सीमेवरून पूर्णच्या पूर्ण आत परततो. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये लंडनच्या हॉपकिन्स या शास्त्रज्ञाबरोबर अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. १९६६ मध्ये चार्ल्स काओ या शास्त्रज्ञांनी सांगितलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश मैलोनमैल जाईल, २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कपानींना त्यात वाटा मिळाला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. आजची काच इतकी स्वच्छ आहे की १५ किलोमीटर गेल्यावरसुद्धा निम्मा प्रकाश शिल्लक असतो. कोकण रेल्वेच्या रुळाशेजारूनही अशीच केबल गेलीय आणि मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालून येणाऱ्या केबलमध्येही हेच धागे.

पावसाने काचेला काही होत नाही. नेट जातं ते बहुतेक वेळा लाइट गेल्यामुळे, जोडाच्या डबीत पाणी शिरल्यामुळे, नाहीतर झाडाची फांदी केबलवर पडल्यामुळे. राउटरला छोटा इन्व्हर्टर लावून बघा. आणि कपाटामागे केबल काटकोनात दुमडली असेल तर सरळ करा, फार घट्ट वळणावर प्रकाश बाहेर गळतो, तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण नको. तुटलेल्या टोकात डोकावू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला लागतो.

प्रश्न (हर्णे): बांगडा दहा मिनिटांत शिजतो आणि मटणाला तासभर का लागतो? आणि बांगड्याच्या बाजूला लाल पट्टा का असतो?

उत्तर: माशाचे स्नायूतंतू आखूड असतात, थराथरांत बसवलेले, आणि दोन थरांमधला पडदा थोड्याच आचेला वितळतो, म्हणून शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सुटतात. बोकडाला पाण्याचा आधार नाही, सगळं वजन पायांवर, त्यामुळे तंतू लांब आणि त्यांना बांधणारं कोलॅजन चिवट, ते विरघळायला वेळ जातोच. मटण तंतूंना आडवं कापलं तर निदान चावायला सोपं होतं. लाल पट्टा न थांबता पोहण्याचा, त्यात प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन जास्त. बांगडा सतत फिरता मासा, पापलेटला तेवढं पोहायचं नसतं म्हणून ते पांढरं.

प्रश्न (वेळास): किनाऱ्यावर तुटकी जाळी येतात, कासवं अडकतात. ही जाळी विकता येतात असं ऐकलं, पण भंगारवाला घेत नाही.

उत्तर: भंगारवाला घेत नाही कारण त्यात दोनतीन प्रकारचे धागे मिसळलेले असतात, आणि ते एकत्र वितळत नाहीत. आधी सुताची आणि सणाची जाळी होती, ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवायला लागायची, तरी कुजायचीच. १९३५ मध्ये अमेरिकेत कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं आणि पुढे आपल्याकडे आल्यावर रापणकरांची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची) मेहनत खरंच वाचली, हे विसरून नुसतं नायलॉनला शिव्या देणं मला पटत नाही. पण सुताचं हरवलेलं जाळं काही महिन्यांत विरायचं, नायलॉनचं वर्षानुवर्षं मासे आणि कासवं पकडत राहतं, कोणी ओढायला नसलं तरी.

वेगळं करायची सोपी युक्ती आहे. जाळ्याचा तुकडा समुद्राच्या पाण्याच्या बादलीत पूर्ण भिजवून, हवेचे बुडबुडे दाबून काढून सोडा. बुडला तर बहुतेक नायलॉन, तरंगला तर एचडीपीई किंवा पीपी, म्हणजे पाण्याहून हलकी प्लास्टिकं. दोन ढीग करा, शिसं आणि बोयरे (तरंगते गोळे) काढा, वाळू झटका, मग एकट्या घराने न जाता बंदरातल्या सोसायटीतर्फे एकगठ्ठा भाव विचारा, स्वच्छ वेगळा केलेला माल घेणारे मिळतात. कासव अडकलेलं दिसलं तर जाळं ओढू नका, आधी कात्रीने मानेजवळचा आणि वल्ह्यासारख्या पायांजवळचा धागा कापा, अंगावर ओलं फडकं टाका आणि लगेच वनखात्याला कळवा. जखम खोल असेल तर परस्पर समुद्रात सोडू नका, ते येईपर्यंत सावलीत ठेवा.